मदत हवी : क्रँक, चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) तेल घुसळतोय, मधे पत्रा बसवू का?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरचा आहे, २००३ ची जिप्सी, १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हवाली एमपीएफआय (कार्ब्युरेटर नसलेली, पेट्रोल फवारणारी), गेली चार वर्षं ऑटोक्रॉसला (वेळेवर चालणाऱ्या शर्यतीला) हीच पळवतोय. दिवाळीनंतर इंजिन पूर्ण केलं, रिंगा नवीन, कॉम्प्रेशन चारी सिलिंडरला सारखं, बॅक कॉम्प्रेशन (रिंगांवरनं खाली गळणारा गॅस) नाही. तरी साडेपाच हजार आरपीएमच्या वर गाडी जड होते. मिसिंग नाही, झटका नाही, नुसती मागनं कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. कंपनीच्या आकड्यात ८० हॉर्सपॉवर ६००० लाच दिलीय, म्हणजे तिथंच ती मोकळी पळायला पाहिजे ना.

प्लग, कॉइल, पेट्रोल पंप, सायलेन्सर, सगळं बघून झालं. मग परवा राउंड मारून आल्या आल्या इंजिन बंद करून डिपस्टिक काढली तर पट्टीवर तेल नाहीच, फेस. बारीक बुडबुडे, दुधाच्या चहासारखा रंग. दहा मिनिटांनी परत बघितलं तर तेल स्वच्छ. पाणी मिसळलं असतं तर एवढ्यात निवळलं नसतं. आणि ब्रीदर पाइपातनं (चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतनं) एअर फिल्टरच्या डब्यात चांगलं चमचाभर तेल आलेलं.

तेल फुल मार्कच्या वर होतं हे मान्य. वळणावर तेल एका बाजूला पळून ऑइल प्रेशरचा दिवा लागू नये म्हणून मी मुद्दाम अर्धा लिटर जास्त टाकायचो. ते काढून दोन खुणांच्या मधे आणलं आणि वरचं ओझं स्पष्ट जाणवेल एवढं कमी झालं! पण लांब डाव्या वळणावर दिवा लागला, पोटात गोळाच आला, लगेच गाडी बाजूला घेतली.

मग हिशोब करत बसलो. जुना क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा, पडलाय गॅरेजमधे, त्याचं काउंटरवेट (तोल राखणारं वजन) मध्यापासून ७ सेंटीमीटर भरतं. ६००० आरपीएमला त्याची कड सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी दीडशेच्या पुढं जाते, आणि तेल हवेपेक्षा सातशेपट जड, त्यात ही कड बुडत असेल तर ती रवीच झाली ताक करायची. शिवाय हा विरोध आरपीएमच्या साधारण घनात वाढतो असं वाचलंय, म्हणजे ३००० ला जे खातं त्याच्या आठपट ६००० ला, म्हणून खाली काहीच कळत नाही आणि वर सगळं कळतं.

आता प्रश्न. क्रँक आणि तेलाच्या मधे पत्रा बसवायचा विचार आहे. पण पिस्टन खाली येताना त्याच्याखालची हवा कुठंतरी जायला पाहिजे. एका सिलिंडरची ३२५ सीसी हवा, ६००० ला सेकंदाच्या दोनशेव्या भागात. १ आणि ४ खाली येतात तेव्हा २ आणि ३ वर जातात, म्हणजे ती हवा क्रँक धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या भिंतींखालनं शेजारच्या कप्प्यात जात असणार, तेलाच्या डोक्यावरनं. पत्र्यानं तीच वाट बुजली तर? तेलाचं वाचवायला जाऊन हवेचं वाढवून ठेवीन अशी भीती आहे. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा.

जुना_लेथ : भावा, भीती बरोबर आहे. बुलेटला वेगळं असतं, एकच पिस्टन, ३४६ सीसी दर फेरीला आत-बाहेर, म्हणून तिथं एकमार्गी रबर असलेला ब्रीदर. तुझ्या चार सिलिंडरला पिस्टनखालची एकूण जागा जवळपास कायम राहते, हवा नुसती इकडनं तिकडं पळते, आणि तिला वाट अरुंद मिळाली की ताकद खाते. म्हणून पत्रा भिंतींना टेकवू नकोस, खाली बोटभर जागा ठेव. क्रँक खालनं वर उठतो त्या बाजूला पत्रा उघडा ठेव, झटकलेलं तेल तिकडंच फेकलं जातं, ते खाली उतरू दे. आणि वळणाचा दिवा हे वेगळं दुखणं आहे, त्याला स्ट्रेनरभोवती (पंप जिथनं तेल ओढतो त्या जाळीभोवती) आडव्या पट्ट्या लागतील. तेल जास्त भरणं हा त्याच्यावरचा उपाय कधीच नव्हता.

अनामिक_फिटर : पातळ तेल टाकून बघितलंस का? डायनोवर (इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर) मोजलंस तर तेलाचं टेम्परेचर सारखं ठेव, नाहीतर गरम तेलाचा फरक पत्र्याच्या नावावर जाईल.

धागाकर्ता : दोघांचे मनापासून आभार. पातळ तेल नको वाटतं, बेअरिंग नवीन आहेत आणि फेसाळलेल्या तेलावर त्यांना चालवायची हिंमत नाही. पुठ्ठ्याचा साचा कापलाय. मुलीची खेळायची क्ले पत्र्यावर थापून क्रँक हातानं फिरवून बघितला, तिसऱ्या कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) बोल्टनं क्लेवर चर पाडला, म्हणजे तिथं जेमतेम दोन मिलिमीटर. पत्रा आणखी खाली घ्यावा तर तेलाच्या जवळ जातो. तेवढाच भाग खोलगट ठोकून घेऊ, का तिथं पत्रा कापून जाळी लावू? जाळी लावली असेल कुणी तर किती भोकाची, आणि ती तुटून स्ट्रेनरकडं जाऊ नये म्हणून कशी धरली, एवढं सांगा. रविवारी चेंबर परत बसवायचाय.