रॅम ४ ची ८ केली तरी पीसी रखडतोच – मदत हवी आहे

अनघा_इंदूर
घरचा डेस्कटॉप भयंकर स्लो झालाय. बटण दाबून चहा टाकला तर चहा पिऊन होतो, तेव्हा कुठे क्रोम उघडतं. दुकानदार म्हणाला रॅम वाढवा, म्हणून ४ जीबीची आणखी एक स्टिक टाकून घेतली. काडीचा फरक नाही. स्टिक खराब दिली का? परत करायची तर उद्यापर्यंतच घेईन म्हणतोय. बाबांना मंडळाचा हिशोब आणि अहवाल टाइप करायचाय, रोज माझ्या मागे लागलेत. कृपया लवकर सांगा.

खटपट्या
ताई, माहिती काहीच नाही. बोर्ड कुठला, प्रोसेसर कुठला, विंडोज कुठलं, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क (एचडीडी) की चिपवाली एसएसडी? कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी आणि डिस्क ही दोन पानं बघा आणि तिथे जे आकडे दिसतील ते जसेच्या तसे इथे लिहा.

मालवेकर
रॅमवर पैसे घालण्याआधी विचारायचं होतं. एसएसडी टाका, विषय संपला. जुन्या पीसीवर दुसरा उपाय नाही.

अनघा_इंदूर
जुना आहे, ते सांगितलं ना. विंडोज १० आहे.

बिट_बाय_बिट
'जुना' हे मॉडेल नव्हे :) विंडोज १० तर २०१० च्या मशीनवरही चालतं आणि २०२० च्याही. स्टार्टवर राइट क्लिक, सिस्टिम. तिथे प्रोसेसर, इन्स्टॉल्ड रॅम आणि सिस्टिम टाइप अशा तीन ओळी आहेत. तिसरी सगळ्यात महत्त्वाची.

गुप्ते_लष्कर
रॅम बूस्टर किंवा क्लीनर अ‍ॅप टाकून बघा. आणि व्हर्च्युअल मेमरी (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी पेजफाइल) बंद करा, म्हणजे सगळं रॅममध्येच चालेल.

खटपट्या
गुप्ते साहेब, दोन्ही उलटे सल्ले. क्लीनर काय करतो, तर चालू प्रोग्रामची पानं (मेमरीचे तुकडे) रॅममधून जबरदस्तीने बाहेर ढकलतो. आकडा कमी दिसतो आणि पुढच्या क्लिकला तीच पानं डिस्कवरून पुन्हा आणावी लागतात. पेजफाइल बंद केली तर रॅम भरल्यावर प्रोग्राम सरळ बंद पडतील. ती 'सिस्टिम मॅनेज्ड'वर राहू द्यावी.

अनघा_इंदूर
घ्या:
प्रोसेसर आय३-२१२०
इन्स्टॉल्ड रॅम ८.०० जीबी (३.४० जीबी यूजेबल)
सिस्टिम टाइप: ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर
मेमरीच्या पानावर: स्पीड १३३३, स्लॉट २ पैकी २, हार्डवेअर रिझर्व्हड ४.६ जीबी
डिस्क: ५०० जीबी, एचडीडी, १००%
नवीन स्टिकवर १६०० लिहिलंय पण इथे १३३३ दिसतंय. म्हणजे फसवलंच ना?

बिट_बाय_बिट
फसवलं नाही. आय३-२१२० चा मेमरी कंट्रोलर डीडीआर३-१३३३ पर्यंतच जातो. १६०० ची स्टिक खाली उतरून १३३३ वर चालते, त्यात वावगं काही नाही. आणि ८.०० दाखवतंय म्हणजे दोन्ही स्टिक ओळखल्या गेल्यात. घोळ दुसऱ्या ओळीत आहे: ३.४० यूजेबल. ३२-बिट विंडोज १० ला ४ जीबीच्या पलीकडचे पत्ते वापरता येत नाहीत आणि त्या ४ मधलाही काही भाग ग्राफिक्स आणि इतर हार्डवेअरसाठी राखीव जातो. नवीन स्टिक विंडोजच्या दृष्टीने नसल्यात जमा आहे. स्टिक परत करू नका, विंडोज बदला.

मुळे_सुदामानगर
एमएसकॉन्फिग > बूट > अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम मेमरीच्या चौकोनात टिक असली तरी असंच दिसतं. ती काढून बघा. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) मेमरी रीमॅप असतं, तेही एनेबल हवं.

बिट_बाय_बिट
६४-बिट असतं तर हेच आधी सांगितलं असतं. इथे ती टिक काढूनही ३.४ च राहणार.

मालवेकर
आणि डिस्क १००% दिसतेय ती कोणालाच दिसत नाहीये का? ७२०० आरपीएमची डिस्क विखुरलेल्या छोट्या फाइली वाचायला लागली की सेकंदाला १ एमबीच्या आसपास येते. १६ जीबी टाका नाहीतर ३२, बूट व्हायला तेवढाच वेळ लागणार.

बिट_बाय_बिट
रॅम अपुरी म्हणून पेजफाइलवर मारा होतोय आणि म्हणून डिस्क १००%, असंही असू शकतं. डिस्कचा टक्का बघून डिस्कच दोषी असं म्हणता येत नाही.

खटपट्या
वाद घालण्यापेक्षा मोजा. टास्क मॅनेजर > परफॉर्मन्स > खाली 'ओपन रिसोर्स मॉनिटर'. मेमरी टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्स/सेकंद, म्हणजे रॅममध्ये नसलेली पानं सेकंदाला किती वेळा डिस्कवरून आणावी लागतात. क्रोम आणि वर्ड चालू असताना हा आकडा सतत शेकड्यांत राहिला तर रॅम कमी पडतेय. तो कमी आणि डिस्क तरीही १००% असेल तर दुखणं डिस्कचं. मग टास्क मॅनेजरच्या डिस्क पानावर अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम आणि रीड स्पीड बघा. निरोगी हार्ड डिस्कला साधारण १०-२० मिलिसेकंद लागतात, फार काम असेल तर शंभर-दोनशे. काम नसताना आकडा हजारावर आणि स्पीड केबीमध्ये असेल तर काळजी करा. हे करताना अपडेट चालू नाही ना, तेवढं बघा.

तांबे_मांडवी
अवांतर: माझ्या लॅपटॉपला कुठली रॅम बसेल? ४ जीबी आहे.

गुप्ते_लष्कर
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ही दुसऱ्या पिढीची चिप आहे. नवा पीसीच घ्या.

पेंग्विनपंत
नाहीतर विंडोजऐवजी लिनक्स मिंट, हलकी एक्सएफसीई आवृत्ती. ४ जीबीत आरामात चालतं.

खटपट्या
पंत, बाबांच्या टायपिंग सॉफ्टवेअरचं काय? ताई, ते कुठलं आहे?

अनघा_इंदूर
जुनं आहे, बाबांचंच. क्रुतीदेव फॉन्ट वापरतात. मागे प्रिंटरच्या पोर्टला एक छोटं डोंगल लावलंय, ते काढलं की चालत नाही.
हार्ड फॉल्ट्स १० ते २०, मध्येच ० होतात. रिस्पॉन्स टाइम १४०० च्या वर, रीड स्पीड ६०० केबी. अपडेट चालू नव्हतं. मधूनमधून टक् टक् आवाज पण येतो, तो पंख्याचा आहे असं भाऊ म्हणतो.

मुळे_सुदामानगर
सीएचकेडीएसके स्लॅश आर (विंडोजची डिस्क तपासणी) चालवा, बॅड सेक्टर (डिस्कवरच्या खराब जागा) बाजूला काढले जातील.

मालवेकर
मुळे, थांबा!! मरायला टेकलेल्या डिस्कवर स्लॅश आर म्हणजे पूर्ण पृष्ठभाग तासन् तास घासून वाचायला लावणं. त्यातच ती जाते. आधी डेटा.

ताई, टक् टक् पंख्याची नसते हो. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि ०५ (बदललेले सेक्टर) व सी५ (नीट वाचता न येणारे सेक्टर) या ओळींचे रॉ आकडे सांगा.

अनघा_इंदूर
पिवळ्या रंगात 'कॉशन' दाखवतंय. ०५ समोर शून्यच शून्य. सी५ समोर शेवटी १८.

खटपट्या
तो १८ हेक्समध्ये (१६ पाया धरून मोजायच्या पद्धतीत) आहे, म्हणजे २४. चोवीस सेक्टर डिस्कला नीट वाचता येत नाहीयेत. अशा प्रत्येक सेक्टरवर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, तेवढा वेळ विंडोज ताटकळतं. तुमचा स्लोपणा बहुतेक इथेच आहे, रॅमचा प्रश्न त्याच्यामागे दडला होता. आता क्रम चुकवू नका.

पीसीवर दुसरं काही उघडू नका. बाहेरच्या डिस्कवर आधी बाबांचे हिशोब आणि अहवाल, मग फोटो, सिनेमे शेवटी. कॉपी एखाद्या फाइलवर अडकली तर 'स्किप' करा, पुन्हा पुन्हा 'ट्राय अगेन' नको. विंडोज > फॉन्ट्स फोल्डरमधून क्रुतीदेवच्या टीटीएफ फाइलीही घ्या. क्रुतीदेव युनिकोड (कुठल्याही पीसीवर देवनागरीच दिसेल अशी पद्धत) नाही, फॉन्ट नसेल तर अहवालाच्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसेल.

मालवेकर
मग २.५ इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबी. एनव्हीएमई (बोर्डच्या एम.२ खाचेत बसणारी) घेऊ नका, एवढ्या जुन्या बोर्डवर ती खाच नसते. बोर्ड एच६१ चिपसेटचा असेल तर साटा ३ गिगाबिटचा आहे, म्हणजे डब्यावर लिहिलेले ५००-५५० एमबी मिळणार नाहीत, अडीचशेच्या पुढेमागे मिळतील. तरी फरक जमीन-अस्मानाचा, कारण खरा फायदा छोट्या फाइलींत आहे. एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) साटाची पॉवर वायर मोकळी आहे का ते उघडून बघा. नसेल तर जुन्या चार पिनच्या वायरीवरून साटा करणारा कन्व्हर्टर मिळतो. सगळं इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये एका फेरीत होईल.

पेंग्विनपंत
आरएनटी मार्गावर गाडी लावायला जागा मिळाली तर.

मालवेकर
पंत, सकाळी अकराला जा. संध्याकाळी जाणारा मुळात छप्पन दुकानच्या खाऊगल्लीलाच निघालेला असतो.

बिट_बाय_बिट
जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन करू नका. एक तर वाईट सेक्टरांवर अडकेल, दुसरं म्हणजे तेच ३२-बिट पुन्हा येईल. ३२ वरून ६४ वर अपग्रेड होत नाही, नव्यानेच टाकावं लागतं. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल दुसऱ्या पीसीवर चालवा, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज बनवा. त्यात 'या पीसीसाठी शिफारस केलेले पर्याय' ही टिक काढून आर्किटेक्चर ६४-बिट निवडा, लोक नेमके इथे चुकतात. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय करा, तेही इन्स्टॉल करण्याआधी. नंतर बदललं तर निळा पडदा येऊ शकतो. इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर बूटलोडर (विंडोज सुरू करणारा भाग) तिच्यावरच जाऊन बसतो आणि डिस्क काढली की पीसी उठत नाही. प्रॉडक्ट की विचारली तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' दाबा आणि आत्ता जी आहे तीच एडिशन घ्या, होम असेल तर होम. आधीचं ॲक्टिव्हेटेड असेल तर नेटला जोडल्यावर आपोआप होतं.

गुप्ते_लष्कर
एवढ्या खटाटोपापेक्षा नवा पीसी परवडला. सपोर्ट नसलेलं विंडोज कशाला टाकायचं?

खटपट्या
हिशोब आणि टायपिंगसाठी चालेल. बँकेची कामं त्यावर करू नका. एसएसडी पुढे नव्या पीसीतही लागेल, वाया जात नाही.

खरी अडचण डोंगल. पॅरलल पोर्टच्या जुन्या डोंगलचा ड्रायव्हर ६४-बिटचा हवा, ३२-बिटचा तिथे चालत नाही. आणि सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर १६-बिट असेल तर ६४-बिट विंडोज तो उघडणारच नाही. बाबांना विचारा, सीडी आहे का? नुसता फॉन्ट वापरून वर्डमध्ये टाइप करणार असतील तर डोंगलची गरजच नाही.

अनघा_इंदूर
कॉपी चालू आहे. हिशोब सगळे आले, फोटोंच्या एका फोल्डरवर अडकलंय, स्किप करतेय. सीडी सापडली पण डोंगलचा ६४-बिट ड्रायव्हर त्यात नाही. बाबा म्हणतात वर्डमध्ये करीन पण कीबोर्ड तोच हवा, रेमिंग्टन (टाइपरायटरची मांडणी). स्टिक परत करत नाही मग.

खटपट्या
क्रुतीदेव लावून इंग्रजी कीबोर्डवर टाइप केलं की मांडणी रेमिंग्टनचीच येते, वेगळं काही टाकायला नको. जोडाक्षरांसाठी ऑल्ट कोड लागतात, त्यांचा तक्ता छापून मॉनिटरला चिकटवा. ६४-बिट चढलं की यूजेबल ७.९ च्या आसपास दिसायला हवं, नाही दिसलं तर मुळेंची एमएसकॉन्फिगची टिक तेव्हा बघा.

तांबे_मांडवी
माझ्या लॅपटॉपचं कोणी बघेल का?

बिट_बाय_बिट
मॉडेल?

तांबे_मांडवी
जुना आहे.