क्षमेवर उपवासकाळात चार बैठका घ्यायच्या आहेत. काय घ्यावं, कुठे जपावं?

अंजीर_आणि_जैतून विचारतात:

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीत राखेच्या बुधवारनंतर (ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ तिथून सुरू होतो) चार गुरुवार, दर वेळी दीड तास, असा शास्त्राभ्यास ठरला आहे. विषय इफिसकरांस ४:१ वरचा आहे: झालेल्या पाचारणाला शोभेल असं चालणं. तो अध्याय ४:३२ ला क्षमेवर येऊन थांबतो, म्हणून सगळा भर क्षमेवरच द्यावा असं वाटतं. पंधराएक जण असतील, कॉलेजची मुलंही आणि सत्तरी ओलांडलेल्या आज्याही.

प्रवचन नको आहे. 'क्षमा करावी' हे सगळ्यांनी संडेस्कूलपासून ऐकलेलं असतं, कशी करावी ते मात्र कोणी सांगत नाही. मत्तय १८:१५ प्रमाणे, म्हणजे अपराध करणाऱ्याला एकट्याने जाऊन सांगायला, एखाद्याकडे जायचं तर नेमकं काय बोलायचं? क्षमा केली म्हणजे जमिनीतला वाटाही सोडायचा का? घरात मारहाण होत असेल तर त्या बाईला काय सांगायचं? हे प्रश्न नक्की येणार. जाणकारांनी तपशिलात लिहावं.

---

वडाखालची_शाळा:

सलाम ताई. पहिल्या बैठकीत मत्तय १८:२३-३५ घ्या, म्हणजे राजाने ज्याचं ऋण सोडलं तो दास सोबतीच्या दासाला त्याच्या ऋणासाठी तुरुंगात टाकतो तो दाखला, आणि आधी फळ्यावर हिशेब मांडा. मूळ ग्रीक मजकुरात पहिल्या दासाचं देणं दहा हजार तालांत आहे आणि दुसऱ्याचं शंभर दीनार. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज (मत्तय २०:२). एक तालांत साधारण सहा हजार दीनारांचा. म्हणजे पहिल्याचं देणं सहा कोटी दिवसांची मजुरी! वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. दुसऱ्याचं देणं शंभर दिवसांचं. आज पाचशे रुपये रोज धरला तर पन्नास हजार.

इथे थांबा आणि विचारा, पन्नास हजार ही लहान रक्कम आहे का? मजुराच्या घरात नाही. दुसऱ्याचं देणं क्षुल्लक होतं असं येशू कुठेही म्हणत नाही. 'जाऊ दे, एवढं काय झालं' असं म्हणणाऱ्याने देणं नाकारलं, सोडलं नाही. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'ऋण सोडणे' हेच शब्द म्हणतो, आणि ऋण सोडायचं तर आधी ते किती हे ठाऊक हवं.

म्हणून प्रत्येकाला एक कोरा कागद द्या, वीस मिनिटं द्या, कोणी कोणाचा कागद बघायचा नाही. एकच प्रसंग लिहायचा. काय घडलं ते दोन-तीन वाक्यांत, विशेषणं न लावता. त्याखाली त्यातून काय गेलं: पैसे, नाव, झोप, एखादं नातं. त्याखाली, आपण अजून कशाची वाट बघतोय: माफीची, परतफेडीची, की त्याचंही वाईट व्हावं याची. शेवटची ओळ लिहिताना लोक अडतात, आणि खरं काम तिथेच असतं. सूड सोडायचा तो तिथे (रोम १२:१९). पैसे परत यावेत ही अपेक्षा सूडात मोडत नाही, तिचा विचार वेगळा. सर्वात मोठी जखम पहिल्याच दिवशी घेऊ देऊ नका, मध्यम प्रसंग निवडायला सांगा. कागद घरी न्यायचा, मंडळीच्या कपाटात ठेवायचा नाही.

आता मत्तय १८:१५. 'तू आणि तो एकटे असता' ही अट आहे, आणि आपल्याकडे पहिली मोडते ती हीच. आधी चार जणांना 'प्रार्थनेसाठी म्हणून सांगते' करून सांगून होतं, मग त्या माणसाकडे जाणं होतं. तोवर गोष्ट त्याच्या कानावर गेलेली असते आणि तो बचावाची तयारी करून बसलेला असतो.

व्हॉट्सॲपवर लिहू नका, उपासना संपल्यावर दारात धरू नका. आधी विचारून वेळ घ्या, अर्धा तास पुरतो. प्रसंग एकच, स्वतः पाहिलेला किंवा ऐकलेला. उदाहरणार्थ: 'त्या रविवारी सभेत तुम्ही म्हणालात की हिशेब मी लपवला. त्यानंतर लोक माझ्याशी बोलेनासे झाले. तुम्ही असं का म्हणालात ते मला समजून घ्यायचंय.' इथे थांबायचं आणि ऐकायचं. 'तुम्ही नेहमीच असं करता' आणि 'सगळेच म्हणतात' ही दोन वाक्यं आली की भेट संपली असं समजा. आणि समोरच्याने चूक मानलेलीच नसताना 'मी तुम्हाला क्षमा केली' असं जाऊन सांगू नका. त्याच्या कानाला तो आरोप वाटतो.

तो ऐकत नसेल तर दुसऱ्या पायरीला (१८:१६) न्यायचे एक-दोन जण आपल्या बाजूचे नसावेत, दोघांचं ऐकणारे असावेत. मंडळीचंही न ऐकणाऱ्याला 'जकातदारासारखा' समजावं, या १८:१७ मधल्या शब्दांवरून बहिष्कार घालायची घाई होते. हे शुभवर्तमान ज्याच्या नावाने आहे तो मत्तय स्वतः जकातदार होता (९:९), आणि येशू त्याच्या पंक्तीला बसला. अशा माणसाला मंडळीच्या जबाबदारीवर ठेवू नये, पण त्याच्यासाठी दार उघडं असावं, असा त्याचा अर्थ.

---

कोर्टाची_पायरी:

जमिनीच्या प्रश्नावर लिहिते, कारण इथे शास्त्रवचनं फार चुकीच्या जागी वापरली जातात.

भाऊ भावाला कोर्टात खेचतो त्यावर १ करिंथ ६:७ मध्ये प्रेषित पौल विचारतो, त्यापेक्षा अन्याय का सोसून घेत नाही? हे वचन वाटा मागणाऱ्या बहिणीला वाचून दाखवतात आणि तिथेच थांबतात. आठवं वचन अन्याय करणाऱ्यांसाठी आहे: तुम्हीच अन्याय करता, तेही भावांवर. आणि पाचव्यात तो विचारतो, निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? तिन्ही वचनं एकत्र वाचा.

कायद्याची बाजू अशी. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केलं नसेल तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागतो. मागे पत्नी आणि मुलं असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलांना सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. 'तिच्या लग्नात खर्च केला, तिचा वाटा संपला' हा हिशेब या कायद्यात नाही, हयातीत दिलेलं वाट्यातून कापलं जात नाही. (गोव्यात वारशाचा कायदा वेगळा आहे, तिथल्यांनी तिथल्या वकिलाला विचारावं.)

क्षमा आणि हक्कसोडपत्र ही दोन वेगळी कामं आहेत. बहिणीने मनातला राग आज सोडला तरी सातबाऱ्यावरचं नाव तसंच राहू शकतं. तिला वाटा खरोखर द्यायचाच असेल तर ते दान आहे. मग वाट्याची किंमत किती हे तिला ठाऊक हवं, सही करण्याआधी दस्त वाचायला घरी मिळायला हवा, आणि 'ख्रिस्ती असून भांडतेस' हे वाक्य त्या खोलीत नको. प्रार्थनेनंतर लगेच सही, हे तर कधीच नको.

मुदतही लक्षात ठेवा. फसवून सही घेतली असेल तर दस्त रद्द करून मागायला ती हकीकत कळल्यापासून तीन वर्षं मिळतात. 'आधी क्षमा करू, मग बघू' यात ती निघून जाते. वकिलाचा सल्ला घेतल्याने क्षमा मोडत नाही.

मंडळीत मिटवायचं तर तीन जण बसवा: दोन्ही बाजूंचा एकेक आणि दोघांनी मिळून निवडलेला तिसरा. नातेवाईक पंच नको, पाळकसाहेबही शक्यतो नकोत, कारण दोन्ही घरांना पुढे त्यांच्याकडेच जायचं असतं. ठरलेलं लिहा, रक्कम आणि तारखा घाला. स्थावराचा हक्क त्याच कागदाने बदलत असेल तर नोंदणी लागते, नुसत्या मंडळीच्या शिक्क्याने काही होत नाही.

ज्याने घेतलं त्याच्यासाठीही एक बैठक ठेवा. लेवीय ६:५ मध्ये मुद्दल अधिक पाचवा हिस्सा परत करायला सांगितलंय. वर पन्नास हजारांचं उदाहरण आहे, त्यावर दहा हजार. जक्कय या जकातदाराने चौपट कबूल केलं (लूक १९:८). माफी मागताना 'जर तुला वाईट वाटलं असेल तर' म्हणायचं नाही. काय केलं ते सांगायचं, कधी परत करणार ती तारीख सांगायची, आणि उत्तरासाठी घाई करायची नाही.

---

दिवा_आणि_तेल:

मारहाणीबद्दल. मत्तय १८ ची 'एकट्याने जा' ही पायरी इथे लावू नका. दोन माणसांत बळाचा फरक असेल तिथे एकट्याने जाणं धोक्याचं. बाईला आधी विचारायचं: आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का? मुलं कुठे आहेत? कागदपत्रं आणि थोडे पैसे हाताशी आहेत का? महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा आहे, त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. नवऱ्याला बोलावून दोघांना एकत्र बसवून 'समेट' करू नका. त्या बैठकीत ती जे बोलेल त्याची किंमत घरी गेल्यावर तिलाच मोजावी लागते.

मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर निवडच उरत नाही. पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग ते कळलेल्याचं पद कोणतंही असो. मुलांची हेल्पलाइन १०९८. 'मंडळीची बदनामी होईल' हे कारण देऊन गप्प बसण्याला क्षमा म्हणू नका.

१ पेत्र २:२१ सांगून 'सोसणं हेच पाचारण' असं बायकांना ऐकवतात. दोनच वचनं पुढे, २:२३ मध्ये, येशूने स्वतःला यथार्थ न्याय करणाऱ्याच्या हाती सोपवलं असं आहे. न्याय नकोच, असं तिथे म्हटलेलं नाही.

तरुण मुलांसाठी दोन खरी उदाहरणं घ्या. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची मुलं फिलिप (१०) व टिमथी (६) यांना गाडीत जाळून मारलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि बारीपदाच्या कुष्ठरोग्यांमधलं काम चालू ठेवलं. खटलाही चालला. मुख्य आरोपीला २००३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती जन्मठेपेवर आणली, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती कायम ठेवली. क्षमेने खटला थांबला नाही आणि खटल्याने क्षमा खोटी ठरली नाही.

दुसरं कॅथलिक नन सिस्टर राणी मारिया यांचं. २५ फेब्रुवारी १९९५ ला मध्य प्रदेशात बसमध्ये त्यांना भोसकलं. त्यांच्या बहिणीने, सिस्टर सेल्मी यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली ती २००२ मध्ये. तो सुटला २००६ मध्ये, आणि त्याच्या सुटकेसाठी कुटुंबानेही शब्द टाकला होता. मधली सात वर्षं गटाला मुद्दाम दाखवा. कोणाला 'चाळीस दिवसांत क्षमा करून टाका' असं सांगण्याआधी ती आठवावीत.

---

अंजीर_आणि_जैतून:

फार मोलाचं मिळालं, आभार. दोन गोष्टी राहिल्या. 'मी क्षमा केली, पण राग परत येतो' याला काय सांगायचं? आणि कुणाशी बोलणं बंद असेल तर प्रभुभोजन (उपासनेतला भाकरी-द्राक्षारसाचा विधी) घ्यायचं की नाही? आमच्याकडे काही बायका वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहतात.

---

वडाखालची_शाळा:

आधी प्रभुभोजन. मत्तय ५:२३-२४ नीट वाचा. वेदीपाशी अर्पण आणल्यावर 'तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे' असं आठवलं तर आधी समेटाला जायचं, म्हणजे उठून जायचं ते दुखावणाऱ्याने. ऐकणारे गालीलातले, वेदी यरुशलेमेत. अर्पण तिथेच ठेवून परत जायचं म्हणजे तीन-चार दिवसांची पायपीट! येशू ती चूक करणाऱ्याला करायला लावतो. दुसऱ्याने माफी मागितली नाही म्हणून दुखावलेलीने भोजन टाळावं, असं तिथे काहीच नाही. १ करिंथ ११:२८ मध्येही स्वतःची परीक्षा करून मग 'खावं' असं आहे, 'उठून जावं' असं नाही. करिंथातलं दुखणं हे की काही जण आधीच खाऊन घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते (११:२१-२२). पाळकसाहेबांनी भोजनाच्या आदल्या रविवारी हे सांगितलं तर त्या बायकांना विचार करायला आठवडा मिळेल.

राग परत येण्याबद्दल: किती वेळा क्षमा करावी याला येशूने दिलेलं उत्तर, सत्तर गुणिले सात (मत्तय १८:२२), हे एकाच जखमेच्या आठवणीलाही लागू करून बघा. आठवण आली की कागदावरची शेवटची ओळ पुन्हा सोडायची, एका वाक्यात, आणि हातातल्या कामाला लागायचं. उजळणी करत बसलं तर आठवण घट्ट होते. 'मी क्षमा करतो' हे ओठांवर येतच नसेल तर लूक २३:३४ धरा. वधस्तंभावर येशूने 'हे बापा, त्यांना क्षमा कर' असं पित्याला सांगितलं. दगडमार होत असताना स्तेफनानेही तेच केलं (प्रेषितांची कृत्ये ७:६०). एवढी प्रार्थना राग असतानाही करता येते. माणूस वारला असेल तर भेटीची पायरी उरत नाही, तिथे मार्क ११:२५ पुरे: प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा क्षमा करा.

विश्वास परत ठेवायचा की नाही, हा प्रश्न मात्र वेगळा काढा. योसेफाने, त्याला विकून टाकणाऱ्या भावांना, ओळख देण्याआधी पारखलं, बन्यामिनाच्या गोणीत प्याला ठेवून (उत्पत्ती ४४). आधी अर्ध्यात सोडून गेलेल्या मार्काला बरोबर न्यायला पौलाने नकार दिला (प्रेषितांची कृत्ये १५:३८) आणि पुष्कळ वर्षांनी तोच उपयोगी आहे म्हणून बोलावून घेतलं (२ तीमथ्य ४:११).

---

दिवा_आणि_तेल:

एक भर. झोप उडणं, दचकून उठणं, तो प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा घडल्यासारखा दिसणं, हे महिन्याहून जास्त चाललं असेल तर तो अविश्वास नव्हे, आजार असू शकतो. समुपदेशकाकडे पाठवा. सरकारी टेली-मानस १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. चारही गुरुवारी हे सगळे नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कुणाला वेगळं येऊन विचारावं लागू नये.