मदत हवी आहे: २०२७ला ईस्टर आधी आणि वल्हांडण नंतर, हे कसं?

राम राम मंडळी. नंदुरबारला माझा छोटा छापखाना आहे. दुकानांच्या जाहिरातीची एकपानी कॅलेंडरं छापतो, नवापूरकडच्या एका चर्चचंही काम असतं. तिथल्या एका काकांना या खेपेला ईस्टरबरोबर यहुद्यांचा वल्हांडणही छापून हवाय.

येशूला वल्हांडणाच्या दिवसांत क्रुसावर दिलं, म्हणजे आधी वल्हांडण आणि मागोमाग ईस्टर, असं मी धरून चाललो होतो. २०२६ला तसंच आहे: वल्हांडण १ एप्रिलच्या संध्याकाळी, ईस्टर ५ला. पण २०२७ला ईस्टर २८ मार्च आणि वल्हांडण २१ एप्रिलच्या संध्याकाळी! दोघांचा नियम वसंत संपातानंतरच्या (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्यानंतरच्या) पौर्णिमेचाच ना? मग एकाची पौर्णिमा महिनाभर पुढे कशी गेली? प्रूफ अडकून पडलंय. आते काय करू भाऊ?

प्रतिसाद

दोन्ही तारखा बरोबर आहेत, बिनधास्त छापा.

भानगड अधिक महिन्याची आहे. यहुदी महिने आपल्यासारखेच चंद्राचे, म्हणून १९ वर्षांत ७ वेळा ते अदार महिना दोनदा घेतात. २०२७ला तसंच आहे, त्यामुळे निसान महिना आणि त्याच्या १५ तारखेचा वल्हांडण पुढे सरकतो. हे गणित ठरून गेलंय, दर वर्षी संपात बघून कोणी ठरवत नाही. त्यांचं सरासरी वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा साडेसहा मिनिटांनी मोठं. साडेसहा मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण शतकानुशतकं साठत गेली की सण उशिराकडे ढकलला जातो.

चर्चनं इ.स. ३२५च्या निकिया परिषदेपासून यहुदी पंचांगावर अवलंबून राहणं सोडलं. त्यांचा संपात कायमचा २१ मार्च, आणि त्या दिवशी किंवा नंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. २०२७ला २२ मार्चची पौर्णिमा त्यांना चालते, यहुद्यांच्या हिशेबात ती महिनाभर लवकरची. २०१६ आणि २०२४लाही असंच झालं होतं.

दुसरा प्रतिसाद

सोपं सांगू? २०२७ला ईस्टर होळीच्या पुनवेनंतर, वल्हांडण हनुमान जयंतीच्या आसपास. म्हणजे काठी गावची होळी पेटून गेली की ईस्टर, आणि सप्तशृंगी गडाची चैत्रयात्रा उरकली की वल्हांडण :)

पहिला प्रतिसादक

हा ठोकताळा दर वर्षी लावू नका. २०२१ला वल्हांडण आणि ईस्टर दोन्ही होळीच्या पुनवेलाच धरून आले होते, हनुमान जयंती त्यानंतर महिन्यानं. आपला अधिक मास आणि त्यांचा अदार एकाच वर्षी पडेल असं नाही.

शिवाय चर्चची पौर्णिमा आकाशातली नसते, कोष्टकातली असते. २०१९ला २१ मार्चला पहाटे साडेतीनच्या सुमारास संपात झाला, सकाळी सव्वासातला पौर्णिमा. आकाश बघितलं तर ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता. कोष्टकात पौर्णिमा २० मार्चची, म्हणजे एक दिवस आधीची, म्हणून ईस्टर थेट २१ एप्रिलला गेला.

धागाकर्ता

लय भारी समजावलं भाऊ. आता शेवटचं: वल्हांडण कोणत्या चौकटीत टाकू, २१ की २२ एप्रिल?

पहिला प्रतिसादक

२२च्या. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून खाली बारीक अक्षरात ‘आदल्या संध्याकाळपासून’ टाका. नाहीतर काका प्रूफ परत पाठवतील.