आइस हॉकीचा पक (रबरी चकती) आधी अंगाआड धरायला शिकवायचं की पास?

टिळकवाडीचा बाबा: माझं पोरगं नऊ वर्षांचं, आइस हॉकीचं वेड लागलंय. आपल्याकडं बर्फ कुठला, म्हणून फरशीवर इनलाइन स्केट्स (एका रांगेत चाकं असलेले) घालून पक खेळतंय. परवा तासभर प्रॅक्टिस बघत बसलो, सर नुसतं 'पास दे, पास दे' ओरडालेत. पोरगं काय करतंय, समोरून कोण आला की घाबरून पक ढकलून मोकळं, कुठं गेला ते बघत पण नाही. ह्याला पास म्हणायचं? आधी पक सांभाळायला शिकवा की. गुडघे वाकव, बूड खाली, कुस्तीत उभारतात तसं, अंग मधी आणि पक लांबच्या बाजूला. तेवढा धीर आला तरच मान वर होतीय न् मोकळा गडी दिसतोय.

लेले ग्राउंडवाला: चूक. पोरं मुळात हावरट, धरून ठेवायला शिकवलासा तर जन्मात सोडणार नाहीत. आमच्यातला एक कोपऱ्यात पाठ करून उभा, बाकीचे तिघं कंबरेवर हात ठेवून बघालेत.

टिळकवाडीचा बाबा: तुम्ही मैदानी हॉकीवाले वो. तिथं अंग मधी घालून बॉल अडवला की फाऊल. आपल्या बेळगावच्या बंडू पाटलांचं 1964 चं टोकियो ऑलिंपिकचं हॉकीचं गोल्ड ऐकत वाढलोय आपण, अभिमान हायच, पण ती सवय इथं मोडायला लागतीय.

लेले ग्राउंडवाला: फाऊल मला शिकवू नका. पास घ्यायचा कसा ते तरी येतंय का पोरांना? आइस हॉकीचा पक म्हणजे दीडशेच्या वर ग्रॅमचं टणक रबर, स्टिक ताठ धरली की टण्णकन उडून जातंय. स्टिक थोडी मागं घेत झेलायला लागतंय, अंडं झेलल्यागत. ते कधी शिकवणार?

रिटायर्ड फौजी: मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, लेहला कारझूच्या तळ्यावर पोरं खेळताना बघितलीत. बर्फ खरबरीत झाला की सरळ पास उड्या मारतोय, मग पोरं पक जरा उचलून द्यायची, चकतीसारखा फिरत दुसऱ्याच्या स्टिकवरनं जाऊन पलीकडं सपाट पडायचा. पण तो उचलायला क्षणभर वेळ पाहिजे की, आणि तो अंग मधी घातल्याशिवाय कोण देतंय? खडूनं लहान चौकोन मारा. एक धरणारा, एक मागं लागणारा, एक मोकळी जागा शोधणारा. चार मोजेपर्यंत पास बंद.

लेले ग्राउंडवाला: आणि मोकळा गडी दोनलाच सापडला तर? पोरं आकडे मोजत बसणार!

टिळकवाडीचा बाबा: रविवारी सकाळी सहाला या, खडू मी आणतो.

लेले ग्राउंडवाला: येतो. पण मोजायला मी उभारणार, तुम्ही पोराचं नाव घेऊन ओरडता.