हरल्यावर राग कोणावर निघतो? सगळ्या प्रकारच्या व्हिडिओ गेमना एकच मोजपट्टी लावता येईल का?

जुना खेळगडी

नमस्कार. उन्हाळ्याच्या सुट्टीत संगणकाच्या शिकवणीला जायचे आणि सर बाहेर गेले की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ लावायचा, अशी माझी सुरुवात झाली. त्याला आता तीस वर्षे होत आली. तेव्हापासून कोडी, मारधाड, डावपेच, शर्यती, क्रिकेट आणि महिनामहिना पुरणारे कथाखेळ असे जवळजवळ सगळे प्रकार खेळून झाले आहेत. यांतला सर्वांत चांगला खेळ कोणता, असे मित्र विचारतात तेव्हा मला उत्तर सुचत नाही, कारण वरून पडणारे आकार रचण्याचा ‘टेट्रिस’ आणि साम्राज्ये उभारून लढण्याचा ‘एज ऑफ एम्पायर्स’ यांना एका पंगतीत बसवायचे तरी कसे? तरीही एक मोजपट्टी मी मनाशी बाळगून आहे. हरल्यावर माझा पहिला राग स्वतःवर निघाला, तर तो खेळ चांगला. आणि खेळावर निघाला, तर तो रडीचा डाव.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतो. जॉर्डन मेकनर याने आपल्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले, आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. त्यामुळे त्या चिमुकल्या पांढऱ्या आकृतीला खरोखरीचे वजन आहे. ती धावू लागली की जागच्या जागी थांबत नाही, दोन पावले पुढे जातेच. जमिनीतून वर येणाऱ्या भाल्यांवर मी किती वेळा मेलो, याची गणतीच नाही. पुढे एका मुलाने दाखवले, की शिफ्टची कळ दाबून जपून पाऊल टाकले तर त्याच भाल्यांमधून राजपुत्र अलगद पार होतो. सोय पहिल्यापासून होती, घाई माझी होती. एकूण मुदत साठ मिनिटांची असल्यामुळे ती घाईही खेळानेच लावलेली होती, पण तिला बळी मी पडलो होतो.

‘टेट्रिस’च्या बाबतीत मात्र माझे मत आवृत्तीप्रमाणे बदलते. जुन्या आवृत्त्यांमध्ये चार चौकोनांची लांब दांडी कधी येईल याची काहीच शाश्वती नसे, आणि तिची वाट पाहत रचलेला बुरूज शेवटी आपल्याच डोक्यावर कोसळत असे. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये सातही आकार एका पिशवीत घालून हलवल्यासारखे एकेकदा वाटले जातात आणि ती पिशवी रिकामी झाल्यावरच दुसरी उघडते. म्हणून दोन दांड्यांच्या मध्ये जास्तीत जास्त बारा आकार येऊ शकतात. आता हरलो, तर नशिबाचे नाव घेता येत नाही.

डावपेचांच्या खेळांत रडीचा डाव संगणकच खेळतो. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ च्या १९९९ च्या मूळ आवृत्तीत सर्वांत अवघड पातळीवर संगणकाला अन्न, लाकूड, सोने जादा आणि फुकट मिळत असे, तर २०१९ च्या नव्या आवृत्तीतला संगणक आपल्याइतक्याच पुंजीवर खेळतो आणि तरीही मला धूळ चारतो. दुसऱ्या प्रकारचा पराभव मला कितीतरी अधिक आवडतो.

आता माझी अडचण सांगतो. शेतीचा ‘स्टारड्यू व्हॅली’ किंवा जहाजावरच्या तपासाचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ यांसारख्या खेळांत हरणे असे नसतेच. मग माझी मोजपट्टी चुकीची आहे, की हे खेळ निराळ्या जातीचे आहेत? जाणकारांनी आपली मते अवश्य मांडावीत.

तिसरा पंच

खेळगडी, आपली मोजपट्टी आकर्षक आहे, परंतु तिच्यात एक गफलत आहे, असे मला वाटते. राग स्वतःवर निघावा अशी व्यवस्था खेळ बनवणारे मुद्दाम करतात, आणि त्यासाठी ते प्रसंगी आपल्या बाजूने खोटेही बोलतात.

‘सिव्हिलायझेशन’ या डावपेचांच्या खेळाचा जनक सिड मायर याने २०१० मध्ये खेळ बनवणाऱ्यांच्या परिषदेत दिलेल्या व्याख्यानात याचे नामी उदाहरण सांगितले होते. आपले बळ तीन आणि शत्रूचे एक असे पडद्यावर दिसत असताना चारांतून एकदा आपण हरणार, हे गणिताने उघड आहे. पण खेळाडू हरला की अन्याय झाला म्हणून तक्रार करत असे. उलट बाजूने, आपले बळ एक आणि शत्रूचे तीन असताना जिंकलेल्या खेळाडूची मात्र काहीच तक्रार नसे. शेवटी हिशेबच खेळाडूच्या समजुतीप्रमाणे वाकवावा लागला.

‘सेलेस्ट’ (२०१८) हा डोंगर चढण्याचा खेळ अतिशय कठोर पण न्यायी म्हणून नावाजला जातो. त्यात कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सुमारे एक दशांश सेकंद उडी मारता येते. आपल्याला वाटते, की आपण अगदी काठावरून उडी घेतली, प्रत्यक्षात आपण हवेत असतो. म्हणजे अचूकपणाचे श्रेय आपले आणि चूक मात्र खेळाने पोटात घातलेली. ज्यांना तरीही जमत नाही त्यांच्यासाठी वेग कमी करण्याची, इतकेच काय, मरणच बंद करण्याचीही सोय आहे. आपण लहानपणी धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून खेळात घेत असू, तसाच हा प्रकार आहे, आणि त्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. आपण वाखाणलेली टेट्रिसची सात आकारांची पिशवीसुद्धा याच जातीची सवलत आहे. खरे नशीब जुन्या आवृत्तीत होते, आणि तेच आपल्याला अन्यायकारक वाटले.

क्रिकेटबद्दल आपण एका शब्दापलीकडे काही लिहिले नाही, याचे मात्र वाईट वाटले. ‘क्रिकेट ०७’ हा २००६ मध्ये आलेला खेळ लोक आजही नव्या संघांची नावे आणि नवे पोशाख घालून खेळतात. त्याची फलंदाजी पाठ झाली की ती सोपी होते, हे मान्य. पण चेंडू सीमारेषेजवळ उंच उडालेला असताना खाली क्षेत्ररक्षक आहे की नाही हे दिसण्याआधीचा जो अर्धा क्षण असतो, तो दुसऱ्या कोणत्याही प्रकारात मला मिळालेला नाही.

आरमार

खेळगडी, मला ‘ओब्रा डिन’ (२०१८) पुरतेच बोलायचे आहे, कारण त्यात हरणे नाही हे आपले विधान मला पटलेले नाही.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १८०७ साल आहे, ईस्ट इंडिया कंपनीचे एक बेपत्ता जहाज माणसांविना परत आले आहे, आणि विम्याचा तपासनीस या नात्याने जहाजावरच्या साठ जणांपैकी कोणाचे काय झाले, हे आपल्याला एका वहीत भरायचे आहे. हाताशी काय, तर बहुतेकांच्या मृत्यूच्या क्षणाचे एकेक गोठलेले दृश्य आणि त्याआधीचे दोन-चार शब्द. नावे सहसा कोणी सांगत नाही. ती बोलण्याच्या ढंगावरून, कपड्यांवरून आणि कोण कोणाजवळ उभा आहे यावरून ओळखावी लागतात. झोपायच्या झोळीवरच्या आकड्यावरून एका खलाशाचे नाव मला सापडले, तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारून आलो.

यातली खुबी अशी, की वहीत भरलेले उत्तर बरोबर आहे का, हे खेळ लगेच सांगत नाही; तीन जणांची माहिती पूर्ण बरोबर झाली, की तिन्ही एकदम पक्की होतात. त्यामुळे अंदाजपंचे ठोकून फारसे साधत नाही. उत्तर पक्के होत नाही आणि तिघांपैकी नेमका कोण चुकला हेही कळत नाही, तेव्हा जो राग येतो तो निखळ स्वतःवरचा असतो. पडद्यावर ‘तुम्ही हरलात’ अशी पाटी आली नाही, म्हणून तो पराभव नव्हे, असे कसे म्हणता येईल?

द्राक्षबाग

‘स्टारड्यू व्हॅली’बद्दल एका शेतकऱ्याच्या घरातून लिहीत आहे, म्हणून थोडी सूट द्यावी.

एरिक बॅरोन याने हा खेळ एकट्याने चार वर्षांहून अधिक काळ खपून बनवला आणि २०१६ मध्ये तो आला, याबद्दल मला आदरच आहे. परंतु त्यातली शेती पाहून वडील पोट धरून हसले. माल घराशेजारच्या पेटीत टाकायचा आणि सकाळी ठरलेल्या भावाने पैसे हजर! ना अडत, ना हमाली, ना तोलाई, ना बाजारात आवक वाढली म्हणून भाव पडणे. पिकाला धोका म्हणाल तर मुख्यतः कावळ्यांचा, आणि त्यावर बुजगावण्याचा उपाय आहे. ‘असा हमीभाव मिळत असेल तर तुझ्या संगणकातच शेती करू,’ असे वडील म्हणाले.

तरीही तो खेळ मी दोन वर्षे खेळतो आहे, आणि कारण खेळगडींच्या मोजपट्टीत बसणारे नाही. तिथे कोणाचा दोष नसतो, हेच त्याचे सुख आहे. अठ्ठावीस दिवसांचा हंगाम संपला की उभे पीक एका रात्रीत वाळते, तेवढाच काय तो फटका, आणि तोही तारीख न पाहिल्यामुळे. आमच्याकडे ऐन काढणीत अवकाळी पाऊस येतो तेव्हा राग कोणावर काढायचा हे कळत नाही. मग संध्याकाळच्या खेळातही तोच हिशेब मी कशाला मांडू?

जुना खेळगडी

सर्वांचे आभार. तिसरा पंच यांनी पिशवीच्या मुद्द्यावर मला त्रिफळाचीत केले आहे. न्याय म्हणून मी ज्याचे कौतुक करत होतो ती सवलत निघाली, आणि आता जुने टेट्रिस पुन्हा काढून पाहावे असे वाटू लागले आहे. द्राक्षबाग, आपल्या वडिलांपुढे मी कोणतीही मोजपट्टी ठेवणार नाही.

आरमार यांचे म्हणणे वाचून ‘ओब्रा डिन’ काल रात्री पुन्हा उघडला. तो मी अर्धवट सोडला होता, आणि का सोडला तेही आठवले: चिनी खलाशांपैकी कोण कोणता, हे मला काही केल्या ओळखता येत नाही. काल दीड तास झोळ्यांखालून बाहेर आलेले पाय निरखत होतो. कृपया कोणीही उत्तर सांगू नये.