ग्रामसभेला गणपूर्तीच होत नाही, काय करावं?

प्रश्न: मतदार १,४००. सभेला येतात पंचवीस-तीस, त्यातले निम्मे सदस्यांचे भाऊबंद. दवंडी होते, नोटीसही लागते. चुकतंय कुठे?

उत्तर १: गणपूर्ती म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी: १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला कमी आकडा. तुमच्याकडे १००. ती नसली की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! म्हणून काहींना रिकामी सभा सोयीचीच पडते. नोटीस सात दिवस आधी हवी. तिच्यावर ‘आयत्या वेळचे विषय’ एवढंच लिहिलं तर कोण येणार? ‘घरकुल यादीचं वाचन’, ‘खालच्या आळीची पाइपलाइन’ असं लिहा, त्या आळीचे लोक येतातच.

उत्तर २: वेळही बघा. सकाळी अकराला मजूर रानात असतो. संध्याकाळी सातला घ्या. महिला सभा आधी होणं बंधनकारक आहे, ती कागदावर उरकू नका. आणि हजेरीवही घरोघरी फिरवून सह्या घेणं आधी बंद करा. सही दारातच झाली की सभेला यायचं कारण संपलं.

प्रश्नकर्ता: वही फिरते खरी, शिपायाच्या हातात.

उत्तर १: मग सभेतच, इतिवृत्त (सभेची लेखी नोंद) वाचून झाल्यावर सह्या घ्या.