अपलोड सुरू झाला की गाण्याचा ऑनलाइन क्लास तुटतो, राऊटरमध्ये काही करता येईल का?

वडगावची_सरगम:
नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहते, गाणं शिकवते. घरी येणारी मुलं आहेतच, पण पुणे, हुबळी आणि मस्कतची काही मुलं ऑनलाइन शिकतात. सोबत गाणं नेटवर जमत नाही हे मान्यच आहे. मी ओळ म्हणते, मूल ती परत म्हणतं, एवढंच करतो. संध्याकाळी तेही होईना झालंय. भूपाची साधी सरगम घेतली तर 'सा रे ग' नीट जातं, मग तिकडे एकदम शांत, आणि 'प ध सां' घाईघाईने एकावर एक पडल्यासारखं ऐकू येतं. मूल तीच घाई उचलतं. लहान मुलाच्या कानात चुकीची लय बसतेय हे बघून जिवाला लागतं.

कारण कळलंय. माझा पुतण्या लग्नाचे व्हिडिओ शूट करतो आणि संध्याकाळी फाईली गिऱ्हाइकांसाठी ड्राईव्हवर चढवतो. त्याला थांब म्हणू शकत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. लाईन फायबरची, प्लॅन ५० एमबीपीएसचा. टेस्टमध्ये डाउनलोड ४८, अपलोड ८ येतो. एरवी पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) २५ मिलिसेकंदांच्या आसपास, त्याचा अपलोड चालू असताना ९००. लाईनवाल्यांना फोन केला की 'स्पीड बरोबर हाय की मॅडम' एवढंच उत्तर.

उद्यमबाग_शिफ्ट२:
मॅडम, १५० चा प्लॅन घ्या, विषय संपला. नाहीतर पुतण्याला रात्री अकरानंतर चढवायला सांगा. आमच्या कारखान्यात सीसीटीव्हीचा बॅकअप तसाच रात्रीवर टाकलाय.

निपाणी_नेटवाला:
ताई, प्लॅन वाढवायच्या आधी हे वाचा. मी निपाणीत दुकानांच्या बिलिंगची आणि नेटवर्कची कामं करतो. हे दुखणं घरोघरी दिसतं आणि लोक उगाच पैसे घालवतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमचा आकडाच सगळं सांगतोय. ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १ एमबी डेटा वर जातो. पिंग २५ वरून ९०० झाला, म्हणजे तुमच्या आवाजाच्या पुढे पाऊण एमबीहून जास्त डेटा रांगेत उभा आहे. ही रांग लाईनवाल्यांनी भिंतीला लावलेल्या डब्यात लागते. अपलोड करणारा प्रोग्राम पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) गळेपर्यंत वेग वाढवत जातो, टीसीपीचा (नेटवर डेटा पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीचा) तो स्वभावच आहे. पण डबा पॅकेट गाळायचं सोडून साठवत बसतो. १५० चा प्लॅन घेतलात तर रांग जरा भरभर सरकेल, पण ती लागणारच. शिवाय डाउनलोड वाढला म्हणून अपलोड तेवढाच वाढेल असं नाही, ते आधी विचारून घ्या. या साठवणीच्या आजाराला जिम गेटिस यांनी बफरब्लोट असं नाव दिलं.

उपाय रांग लावायच्या पद्धतीत आहे. गिरणीत एकाने ज्वारीची चार पोती आणून टाकलीत आणि मागे पोरगी नाचणीचा छोटा डबा घेऊन उभी आहे. शहाणा गिरणीवाला एक पोतं झालं की डबा दळून देतो आणि मग पुढचं पोतं घेतो. पोत्यावाल्याचं काही बिघडत नाही, पोरगी लगेच घरी जाते. राऊटरमध्ये हे काम एफक्यू-कोडेल करतं. पत्ता, पोर्ट, प्रोटोकॉल बघून ते प्रत्येक कनेक्शनला वेगळ्या रांगेत घालतं (मुळात १०२४ रांगा असतात) आणि पाळीपाळीने एकेकाचं थोडंथोडं सोडतं. ज्याची रांग बहुतेक वेळ रिकामीच असते, त्याला आधी जाऊ देतं. तुमचा आवाज तसाच आहे: साधारण दर २० मिलिसेकंदाला एक छोटं पॅकेट. पुतण्याचं १५०० बाइटचं एक पॅकेट तुमच्या लाईनवर दीड मिलिसेकंदात निघून जातं. म्हणजे अख्ख्या फाईलच्या मागे उभं राहण्याऐवजी तुमच्या 'प'ला फार तर एखाद-दोन पॅकेटांची वाट बघावी लागते.

दुसरा अर्धा भाग कोडेलचा. एखाद्या रांगेत पॅकेटं ५ मिलिसेकंदांहून जास्त थांबू लागली आणि १०० मिलिसेकंद तशीच स्थिती राहिली, तर तो त्यातलं पॅकेट गाळतो. पाठवणाऱ्याला इशारा मिळतो, तो वेग कमी करतो.

ही कल्पना आजची नाही. प्रत्येकाला आपापली रांग द्यावी हे जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच लिहिलं होतं. कोडेल कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडला, त्याच वर्षी एरिक ड्युमाझे यांनी दोन्हींची सांगड घालून लिनक्समध्ये घातली. घरच्या राऊटरपर्यंत हे पोचावं म्हणून डेव्ह टाट या माणसाने वर्षानुवर्षं जीव ओतला. २०२५ मध्ये ते गेले. त्यांचं काम फुकट आणि खुलं आहे, म्हणूनच तुमच्या-माझ्या घरी ते चालतं. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

आता करायचं काय. ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीचं फुकट, खुलं सॉफ्टवेअर) चालणारा राऊटर घ्या, जुना असला तरी चालेल. ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम हे अगदी कमीतकमी, दुप्पट असेल तर निवांत. लाईनवाल्यांच्या डब्यातून केबल काढून याच्या वॅन (बाहेरच्या लाईनच्या) पोर्टला जोडा, डब्याचं वायफाय बंद करा आणि घरातलं सगळं या नव्या राऊटरवर आणा. पुतण्याचा लॅपटॉप डब्यालाच जोडलेला राहिला तर सगळं व्यर्थ. मग एसक्यूएमचं (रांगा सांभाळणारं) पॅकेज टाका आणि त्यात केक निवडा. केक हा एफक्यू-कोडेलचा पुढचा भाऊ, २०१८ पासून लिनक्समध्ये आहे. त्यात 'नॅट'चा (घरातली यंत्रं वेगवेगळी ओळखायचा) पर्याय चालू केलात तर वाटणी कनेक्शनवार होतेच, वर यंत्रवारही होते. म्हणजे पुतण्याने एकदम दहा फाईली लावल्या तरी त्याच्या लॅपटॉपचा वाटा एकाच यंत्राइतका.

सगळ्यात महत्त्वाचं: वेग मोजलेल्यापेक्षा थोडा कमी भरा. अपलोड ७२००, डाउनलोड ४३०००, आकडे किलोबिटमध्ये. ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटवरचा जादा बोजा, बाइटमध्ये) ४४ ठेवा. हा दहा टक्क्यांचा त्याग केल्याशिवाय काही होत नाही, कारण रांग शहाण्या राऊटरमध्ये लागायला हवी. पूर्ण ८००० भरलेत तर ती परत त्या भिंतीवरच्या डब्यातच लागेल. फ्लो ऑफलोडिंग (पॅकेटं आडवाटेने भरभर पुढे सोडायची सोय) चालू असेल तर बंद करा, नाहीतर पॅकेटं एसक्यूएमला वळसा घालून जातात.

जांबोटी_घाट:
आमच्याकडे खानापूर तालुक्यात फायबर नाही, सिमवाला राऊटर आहे. पावसात स्पीड कधी २०, कधी ३. मग आकडा कुठला भरायचा?

निपाणी_नेटवाला:
एकच ठरलेला आकडा तुमच्याकडे चालणार नाही. २० भरलात तर ३ च्या वेळी रांग टॉवरकडे लागणार, ३ भरलात तर एरवी नेट वाया. केक-ऑटोरेट नावाची स्क्रिप्ट आहे. ती सतत पिंग बघत राहते आणि उशीर वाढला की केकचा वेग आपोआप खाली आणते, मोकळं झालं की वर नेते. कामाचा कॉल कमीत कमी किती वेगावर चालतो ते बघा आणि तो तिथला तळाचा आकडा ठेवा. फायबरइतकं गुळगुळीत होणार नाही, पण बोलणं चालू राहतं.

वडगावची_सरगम:
दादा, पुतण्यानेच बसून सगळं लावून दिलं. त्याचा अपलोड चालू असताना पिंग आता ३० ते ३५. मस्कतच्या मुलाने काल 'सा रे ग प ध सां' त्याच ठायीत परत म्हणून दाखवलं. फाईल चढायला किती वेळ जास्त लागतो हे पुतण्याला विचारलं, तर त्याला फरक जाणवलाच नाही. तुमचे खरंच उपकार झाले.

एक राहिलंय. राऊटर पुढच्या खोलीत आहे, मी माजघरात बसते. तिथे कधीकधी पिंग १०० च्या वर उडी मारतो, अपलोड नसतानाही.

निपाणी_नेटवाला:
ती लाईनची रांग नाही, वायफायची आहे. एसक्यूएम फक्त वॅनवरची रांग सांभाळतं. वायफायच्या आतही अशीच न्याय्य वाटणी लिनक्समध्ये आली आहे, पण ती चिपच्या ड्रायव्हरवर अवलंबून असते. मीडियाटेकचा एमटी७६ किंवा ॲथेरॉसचा एटीएच९के ड्रायव्हर असेल तर मिळते. राऊटरचं मॉडेल सांगा, बघून कळवतो. तोवर सरळ मार्ग म्हणजे माजघरापर्यंत लॅनची केबल ओढून लॅपटॉपला लावा. जुनी घरं, जाड भिंती, सिग्नल आत जायला झगडतोच. केबल कॅट-५ई पुरते, पुतण्याला खिळ्याच्या क्लिपा मारून चौकटीच्या कडेने न्यायला सांगा.